परसातली एक वीण: तपकिरी होल्यांच्या एका घरट्याचं प्रकरण

एकाच जोडीने एकाच घरट्यात पाठोपाठ दोनदा अंडी घातली. पहिल्या खेपेची अंडी आठवडाभरही टिकली नाहीत. दुसऱ्या खेपेला दोन्ही पिल्लं मोठी होऊन उडाली. घरटं तेच, वेल तोच, कावळेही तेच. मग मधल्या काळात बदललं काय, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. परसात, गॅलरीत किंवा छज्ज्यावर होल्याचं घरटं सापडलं की घरोघरी जे वाद होतात, त्यांतले बहुतेक आमच्याकडे या एका विणीत होऊन गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे.

जागा आणि जोडी

पक्षी म्हणजे छोटा तपकिरी होला, शास्त्रीय नाव स्पिलोपेलिया सेनेगालेन्सिस. लिनियसने १७६६ साली त्याचं वर्णन केलं. आफ्रिकेपासून पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडापर्यंत तो मूळचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो १८९८ मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सुटला आणि तिथेही पसरला. माणसाच्या वस्तीला तो बुजत नाही. पारव्यापेक्षा बराच लहान आणि सडपातळ, लांबी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, गळ्यावर काळ्या ठिपक्यांची तांबूस पट्टी, पंखाच्या कडेला राखी-निळी छटा. घुमणं हलकं, दबक्या आवाजातलं.

परसाच्या भिंतीवर जाईचा जुना वेल आहे. खालची खोडं मनगटाएवढी जाड आणि वर फांद्यांचा गुंता. त्या गुंत्यात, साधारण दोन पुरुष उंचीवर, जोडीने जागा पसंत केली. मागचं दार तिथून चार-पाच पावलांवर. दाराला लागून कपडे वाळत घालायची दोरी. वेलाच्या पलीकडे गच्चीवरच्या टाकीकडे जायला शिडी लावायची जागा. वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिरकं पाहिलं की घरट्याची वाटी सरळ दिसते, आणि पडद्याआडून दुर्बीण लावली तर पक्ष्याची पापणी मिटलेलीही कळते. सगळं निरीक्षण याच खिडकीतून झालं.

नर आणि मादी दिसायला जवळपास सारखेच असतात. इथे मात्र एकाच्या शेपटीतलं एक लांब पीस गळालेलं होतं. होल्यांची आणि कबुतरांची शेपटीची, पाठीची पिसं मुळात सैल बसलेली असतात. मांजराचा किंवा शिकारी पक्ष्याचा पंजा पडला तर पिसं पंजात राहतात आणि पक्षी निसटतो. या पक्ष्यावर असाच कुठेतरी प्रसंग आला असणार. आम्हाला त्याचा फायदा एवढाच की कोण कधी आलं हे नक्की सांगता येऊ लागलं. काड्या आणायचं काम हाच करत होता आणि दुसरा पक्षी जागेवर बसून त्या रचत होता. होल्यांमध्ये काड्या आणतो तो नर, रचते ती मादी.

बांधकाम पाहण्यासारखं होतं. नर वेलाखालच्या जमिनीवरून एक काडी उचलायचा, चोचीत फिरवून पाहायचा, कधी टाकून दुसरी घ्यायचा. मग उडून मादीच्या थेट पाठीवर उतरायचा आणि खांद्यावरून काडी पुढे द्यायचा. मादी ती घेऊन छातीखाली सारायची, अंग जरा इकडेतिकडे फिरवायची, की तो परत खाली. सकाळचे काही तास हे चालायचं आणि उन्हं वर आली की थांबायचं. दोन-तीन सकाळींत घरटं ‘तयार’ झालं. तयार म्हणजे काय, तर बारीक काड्यांची एक चपटी चाळणी. खाली उभं राहून वर पाहिलं तर मधून आभाळ दिसत होतं.

आमच्या आईने ते पाहिलं आणि म्हणाली, “हे काय घरटं झालं? सुगरण बघावी, नाहीतर शिंपी बघावा. यांना मेलं घर बांधायचंच नाहीये.” तिच्या बोलण्यात काळजीच जास्त होती. होल्याचं घरटं पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला हेच वाटतं.

पहिली अंडी

घरटं झाल्यावर लगेचच पहिलं अंडं दिसलं, एक दिवसाआड दुसरं. दोन्ही पांढरीशुभ्र, अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीची. खालूनही काड्यांच्या फटींतून पांढरं चमकायचं. होल्यांची आणि कबुतरांची अंडी जवळजवळ नेहमी दोनच असतात, आणि त्यामागचं कारण पुढे पिल्लांच्या वेळी येईलच.

पांढरा रंग इथे फार महत्त्वाचा आहे. उघड्यावर घरटी करणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या अंड्यांवर ठिपके, डाग, मातकट किंवा हिरवट छटा असतात, म्हणजे पालक बाजूला असताना ती नजरेत येत नाहीत. बिळात, ढोलीत घरटं करणाऱ्यांची अंडी पांढरी असली तरी चालतं, कारण ती दिसतच नाहीत. होल्याचं घरटं उघडं आणि अंडी पांढरी, म्हणजे बाहेरून पाहता दोन्हीकडून तोट्याचा सौदा. मग ही जात इतकी फोफावली कशी? उत्तर खिडकीतून समोर दिसत होतं. ती अंडी कधी उघडी पडतच नव्हती.

पाळी ठरलेली होती. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत मादी बसायची आणि भरदुपारचा वेळ तुटक्या शेपटीचा नर सांभाळायचा. पाळी बदलताना येणारा थेट घरट्यावर उतरत नसे. आधी भिंतीवर, मग वेलाच्या टोकाला, मग फांदीवरून चालत घरट्याशी. बसलेला उठायचा, एक पाऊल बाजूला आणि झेप. दुसरा लगेच आत सरकायचा, चोचीने अंडी पोटाखाली ओढायचा आणि अंग ठेवून द्यायचा. एवढ्या वेळात पांढरा रंग किती दिसला असेल? चार श्वासांपुरता. बाकी सगळा वेळ घरट्यावर असतो तो वाळक्या काड्यांच्याच रंगाचा, हालचाल न करणारा पक्षी. त्याची पाठ हाच त्या अंड्यांना लपवणारा रंग.

आणि हे समजेपर्यंत पहिली अंडी गेलीसुद्धा.

टाकी धुवायला माणसं आली होती. शिडी नेहमीच्या जागी, म्हणजे वेलाला खेटून लागली. शिडीवर पाऊल पडलं तेव्हा मादी हलली नाही. दुसऱ्या पावलालाही नाही. होला शेवटपर्यंत बसून राहतो, कारण न हलणं हाच त्याचा बचाव आहे. माणसाचा खांदा घरट्याच्या पातळीला आला तेव्हा ती उठली, आणि उडून न जाता धप्पकन खाली फरशीवर पडली. एक पंख पसरून, फरपटत, दाराच्या दिशेने. खालचा माणूस “अरे, लागलं वाटतं तिला” म्हणत तिच्या मागे गेला. दाराशी पोचताच ती ठणठणीत उडाली. जखमी असल्याचं हे सोंग होले आणि इतरही काही पक्षी घरट्यापासून लक्ष वळवायला घेतात. माणसावर ते चाललं. भिंतीवरच्या कावळ्यावर चाललं नाही. त्याने त्या हिरव्या गुंत्यातले दोन पांढरे ठिपके पाहिले होते.

कावळा लगेच आला नाही. शिडीवरचा माणूस वर गच्चीवर गेल्यावर तो वेलावर उतरला, एक अंडं तिथेच फोडलं आणि दुसरं चोचीत धरून समोरच्या भिंतीवर नेलं. मादी परतली तेव्हा घरटं रिकामं होतं. ती तरीही त्यावर बसली आणि काही वेळाने उठून गेली. वेलाखाली सापडलेलं कवच वेडंवाकडं फुटलेलं होतं आणि आत बलक चिकटलेला होता. पिल्लू बाहेर आल्यावर उरणारं कवच वेगळं दिसतं, ते पुढे पाहिलंच.

निदान

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं ते सगळं घरट्याच्या बांधणीवर घसरलं. आईचं म्हणणं, खाली तारेची टोपली बांधू. धाकट्या मुलीला वाटत होतं, एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवावं, छपरासकट. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई गं, एकदा माणसाचा वास लागला की ते परत येतच नाहीत बघ तिथे.”

वासाचं आधी. पक्षी घरटं सोडतात ते वासामुळे नाही. वारंवार हुसकावलं गेलं आणि विशेषतः उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत तसं झालं, तर मात्र ते खरोखर सोडून जातात. गुंतवणूक कमी झालेली असते, नव्याने सुरुवात करणं परवडतं. म्हणजे काकूंचा सल्ला, घरट्याला हात लावू नये हा, बरोबरच होता.

टोपलीचा विचार मी गांभीर्याने केला. उथळ शंकूच्या आकाराची तारेची जाळी फांदीत बसवली तर होले ती वापरतात. वादळात घरटी पडतात तिथे या जाळ्यांचा उपयोगही होतो. पण आमच्याकडे घरटं पडलेलंच नव्हतं. चाळणी असली तरी तिने दोन अंडी आणि एक पक्षी नीट पेलला होता. अंडी गेली ती वरचा पक्षी उठवला गेला म्हणून. टोपली बांधली असती तरी शिडी तिथेच लागली असती, मादी तशीच उठली असती आणि कावळ्याला अंडी तशीच दिसली असती. छपराचं खोकं तर उलट घात करणारं. होल्याला बसल्या जागेवरून चहूकडे नजर हवी असते, बंद जागेत तो बसणार नाही.

म्हणून ठरलं ते असं: घरट्याला काहीही करायचं नाही, आपल्या वावराला करायचं. दोरी घराच्या दुसऱ्या बाजूला हलवली. शिडीची जागा बदलली, आणि टाकीचं पुढचं काम वीण संपेपर्यंत थांबवलं. वेल छाटायची वेळ झाली होती, ती पुढे ढकलली. मागचं दार वापरायचं, पण ठरावीक चालीने, न थांबता, वर न पाहता. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. रोजच्या ये-जा करणाऱ्या माणसाला होला सरावतो. तोच माणूस थांबला आणि नजर रोखून पाहू लागला की पक्ष्याची मान ताठ होते, अंग चपटं होतं आणि तो उठायच्या तयारीत येतो. दुर्बिणीतून हा फरक अगदी स्पष्ट दिसत होता.

दाणे टाकायचे का, यावर मुलीशी बराच वाद झाला. मी नको म्हटलं. घरट्याखाली दाणे म्हणजे कावळे, खारी आणि मांजरांना रोजचं आमंत्रण. पाण्याचं उथळ भांडं ठेवलं, पण परसाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ते रोज घासून. होले-कबुतरांच्या घशात ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा आजार होतो आणि अस्वच्छ सामायिक पाण्यातून तो पसरतो. पिल्लांना तो पालकांच्या घशातून थेट मिळतो, म्हणून विणीच्या दिवसांत भांड्याची स्वच्छता जास्तच महत्त्वाची. त्या भांड्यावर एक गंमतही पाहता आली: होला पाणी पिताना चोच बुडवून ठेवतो आणि सलग ओढून घेतो. चिमणी-साळुंकीसारखी मान वर करून घोट उतरवावा लागत नाही.

दुसरी वीण

आठवडा-दीड आठवड्यात जोडी परत आली. नराने जुन्याच चाळणीवर बसून मान खाली, शेपटी वर करून घुमायला सुरुवात केली, मादी येऊन शेजारी बसली, दोघांनी एकमेकांच्या मानेची पिसं साफ केली आणि काड्यांची ये-जा पुन्हा चालू झाली. या वेळी काड्या थोड्याच लागल्या. आईला याचं फार आश्चर्य वाटलं. “एवढं झाल्यावर त्याच जागी?” तिने विचारलं. होल्यांमध्ये हे सर्रास घडतं.

इथे त्या ढिसाळ घरट्याचा अर्थ लागतो. होल्यांची जात एका विणीवर सगळं पणाला लावत नाही. वर्षात अनेकदा वीण करायची, प्रत्येक विणीत दोनच अंडी, आणि आधीची संपते न संपते तोच पुढची. घरट्यावर आठवडे घालवले तर तेवढ्या खेपा कमी. सुगरणीची विणकाम करण्याची रीत वेगळी आणि हिची वेगळी. उत्तर अमेरिकेतल्या मॉर्निंग डव्ह या होल्यावर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी हीच दिशा दाखवली: झटपट घरटं, लहान वीण, पिल्लांची भराभर वाढ आणि एकमेकांवर येणाऱ्या विणी, ही सगळी वेळ वाचवण्याची साधनं आहेत.

आतून हे कसं जुळतं, तेही बरंच उलगडलेलं आहे. डॅनियल लेहरमन या अमेरिकी संशोधकाने पाळीव रिंग डव्ह या होल्यावर १९५० आणि ६० च्या दशकांत जे प्रयोग केले, त्यांतून दिसलं की नराचं घुमणं-वाकणं मादीच्या शरीरात संप्रेरकं जागी करतं, त्यांमुळे घरटं बांधण्याकडे ओढ लागते, घरट्याच्या सहवासाने पुढची संप्रेरकं, त्यांनी उबवण्याची तयारी, आणि उबवण्याने शेवटी पालकांच्या गळ्यात पिल्लांसाठी तयार होणारं दूध. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उठवते. परसात हे सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असतं. संध्याकाळी वेलाकडून येणारं ते घुमणं ऐकताना मला ही साखळी आठवायची आणि त्या आवाजाचं वजन वाढायचं.

पुन्हा दोन अंडी, पुन्हा तीच पाळी. मध्ये एकदा कावळा भिंतीवर येऊन बराच वेळ बसला. मादी घरट्यावर होती. तिने फक्त अंग सपाट केलं. कावळा वेलाकडे पाहत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. तोच कावळा की दुसरा, कोण सांगणार, पण एवढं पाहिल्यावर आईने टोपलीचा विषय पुन्हा काढला नाही.

दोन आठवडे पुरे व्हायच्या सुमारास नळापाशी अर्ध्या कवचाचा तुकडा दिसला. कडा बरीचशी सरळ कापल्यासारखी आणि आत स्वच्छ, कोरडा पापुद्रा. पिल्लाने आतून गोल कापत बाहेर यायचं आणि पालकाने कवच उचलून घरट्यापासून दूर टाकायचं, असं हे कवच. दुसऱ्या दिवशी दुसरं मिळालं.

दूध

पहिले काही दिवस पिल्लं दिसतच नव्हती. दिसायचा तो फक्त पालक, आधीसारखाच बसलेला, पण अंग किंचित उचललेलं. पाळी बदलताना दिसलं ते असं: डोळे मिटलेले, अंगावर पिवळसर विरळ केस, आणि अंगाच्या मानाने फार मोठी, मऊ, बुडाशी रुंद चोच. लोक म्हणतात, होल्याची पिल्लं कुरूप. त्या चोचीचं काम कळलं की तसं वाटत नाही.

बहुतेक पिल्लं चोच उघडून वर धरतात आणि पालक आत घास घालतो. होल्यांत उलटं. पालक चोच उघडतो आणि पिल्लू आपली चोच त्याच्या तोंडात कोपऱ्यातून खुपसतं. मग पालकाची मान वर-खाली पंपासारखी हलते आणि घशातून दूध येतं. दोन पिल्लं दोन बाजूंनी एकदमच पिताना दिसली, तेव्हा मुलगी खिडकीशी श्वास रोखून बसली होती.

हे दूध म्हणजे गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तराच्या पेशी. उबवण्याच्या शेवटी शेवटी ते अस्तर जाड होतं, चरबी-प्रथिनांनी भरलेल्या पेशी सुटून येतात आणि त्यांचा दह्याच्या कवडीसारखा पांढरट गोळा तयार होतो. त्यात साखर जवळपास नसते, प्रथिनं आणि चरबी मात्र भरपूर, शिवाय रोगप्रतिकारक द्रव्यं. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यविशारदाने १७८६ मध्ये याचं वर्णन केलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव दिलं, ते ओळखताना कबुतराची हीच पिशवी उपयोगी पडली होती. सस्तन प्राण्यांत आईचं दूध आणणारं संप्रेरक तेच. इथे ते बापालाही दूध आणतं. पक्ष्यांत असं दूध देणारे आणखी म्हणजे रोहित (फ्लेमिंगो), आणि एम्परर पेंग्विनचा नर. बस्स.

दोनच अंडी का, याचं उत्तर इथे आहे. सुरुवातीच्या दिवसांत दोन पालकांच्या पिशव्यांतून निघणारं दूध दोन पिल्लांना पुरतं. तिसरं आलं तर सगळ्यांचीच वाढ खुंटते. आणि याच दुधामुळे होल्यांना किडे शोधत हिंडावं लागत नाही. बिया खाणारे इतर अनेक पक्षीही पिल्लांसाठी किड्यांच्या हंगामावर अवलंबून असतात. होल्याला बिया आणि पाणी मिळालं की वीण करता येते, मग हंगाम कोणताही असो.

चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडले. मग अंगावर निळसर नळ्या फुटू लागल्या, एकेका नळीतून पीस उलगडायचं. दुधात हळूहळू भिजलेल्या बिया मिसळू लागल्या. साधारण आठवड्याने दिवसा पालक घरट्यावर बसेनासे झाले, आणि घरात पुन्हा घबराट. “सोडून गेले गं आई-बाप,” काकू म्हणाल्या. त्यांनी वाटीत दूध-ब्रेडही भिजवून आणला होता.

तो द्यायचा नव्हता. होल्याचं पिल्लू चोच वर करून उघडत नाही. जबरदस्तीने तोंडात ओतलेलं पाणी किंवा दूध श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरू शकतं. आणि त्याला भूकही नव्हती. होले दिवसातून मोजक्याच वेळा येतात, पण येतात तेव्हा पिशवी भरून देतात. ये-जा जितकी कमी तितकी घरट्याची जागा कावळ्याला कळण्याची शक्यता कमी. पिल्लाच्या मानेखाली फुगलेली पिशवी खिडकीतून दिसत होती. मी काकूंना वर बोलावून दुर्बीण दिली. त्यांनी नराला येताना पाहिलं, दोन्ही पिल्लांना पिताना पाहिलं, आणि मग रोज दुपारी त्या खिडकीशी येऊ लागल्या.

याच दिवसांत एका रात्री जोराचा वारा झाला. सकाळी पाहिलं तर घरट्याची एक बाजू कलली होती, आधाराची फांदी खोडापासून सुटत आली होती. वावर बदलायचा, घरट्याला हात नाही, हा नियम इथे मोडावा लागला, आणि तो मोडायची वेळ मी विचार करून ठरवली. पालक दोघंही बाहेर होते. पिल्लांचे पंख अजून नळ्यांत होते, म्हणजे ती उडी मारण्याच्या वयाची नव्हती. दहा-अकरा दिवसांची झाली असती तर मी शिडी लावलीच नसती, कारण त्या वयात माणूस जवळ आला की पिल्लं वेळेआधी बाहेर झेपावतात. वर चढून सुती पट्टीने फांदी खोडाला बांधली, पिल्लांना स्पर्श केला नाही, उतरून शिडी नेली. पिल्लांनी अंग फुगवून चोची कटकट वाजवल्या, तेवढंच. घरट्याच्या कडेला विष्ठेची सुकलेली जाड कड तयार झाली होती. होले पहिल्या काही दिवसांनंतर घरटं साफ करत नाहीत. ती घाण म्हणून आपण नाक मुरडतो, पण तिनेच काड्या सांधल्या होत्या. वाऱ्यात चाळणी विस्कटली नाही ती त्यामुळे. नर तासाभरात आला, फांदीवर पट्टीपाशी थबकला, तिला ओलांडून पिल्लांकडे गेला.

बाहेर

तेरा-चौदा दिवसांची झाल्यावर मोठं पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर आलं आणि दुपारपर्यंत भिंतीवर. गळ्यावर ठिपक्यांची पट्टी अजून नव्हती, रंग फिका, पण होला म्हणून ओळखू येत होतं. धाकटं दुसऱ्या दिवशी निघालं आणि कुंड्यांच्या मागे जमिनीवर उतरलं.

जमिनीवरचं पिल्लू दिसलं की खोक्यात घालून घरात आणण्याची ओढ आवरणं सगळ्यांत कठीण असतं. पण आधी पाहायचं ते पिसं. अंग उघडं असेल, नळ्याच असतील तर ते पडलेलं आहे, घरट्यात परत ठेवायचं. पालक त्याला घेतात. अंगभर पिसं असतील, पायावर उभं राहत असेल, पंख दोन्ही सारखे असतील, तर ते निघालेलं आहे. तिथे ते पालकांच्या ताब्यात असतं आणि आपण बाजूला व्हायचं. हे दुसऱ्या प्रकारातलं होतं. आमचं काम शेजारचं मांजर परसाबाहेर ठेवण्याचं, ते मुलीने आणि काकूंनी वाटून घेतलं. नर दिवसातून काही वेळा कुंड्यांमागे उतरून त्याला भरवत होता. एक-दोन दिवसांत ते वेलावर चढलं, मग भिंतीवर दोन्ही पिल्लं शेजारी बसू लागली.

त्याच आठवड्यात मादी पुन्हा त्या घरट्यावर दिसली, आणि थोड्याच दिवसांत तिथे तिसऱ्या खेपेचं पहिलं अंडं होतं. नराची धावपळ दुहेरी झाली: दुपारी उबवायचं, आणि पाळी संपली की भिंतीवर पंख फडफडवत मागे लागणाऱ्या पोरांना घास द्यायचा. पुढच्या काही दिवसांत पोरं पाण्याच्या भांड्याजवळच्या मातीतले दाणे स्वतः टिपायला शिकली आणि बापाने त्यांना टाळायला सुरुवात केली.

नराच्या शेपटीतलं गळालेलं पीस एव्हाना पुन्हा पूर्ण उगवलं आहे, तेव्हा जोडीतला कोण ते आता दिसण्यावरून सांगता येत नाही. वहीत नोंद घड्याळ पाहून होते: दुपारचा तो नर, संध्याकाळची ती मादी.